बांधाखालच्या भिंतीबाबत

दिनांक १४ मे १९८३, शनिवार

माझे नाव द्वारका हिरामण भोईर, वय ४१ वर्षे, धंदा भातशेती व उन्हाळ्यात मिठागरावर मजुरी, राहणार खारपाडा, सोपाऱ्याजवळ, तालुका वसई, जिल्हा ठाणे.

पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, माझे पती हिरामण यांना काल तुम्ही आणले आहे. ते कोठडीत आहेत व काही बोलत नाहीत, असे मला सांगण्यात आले.

आमचे शेत जुन्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. रस्ता रुंद करताना आमच्या बांधाखाली मोठ्या विटांची भिंत निघाली. पुरातत्त्व खात्याचे नकाशे काढणारे बेसिल परेरा, राहणार नंदाखाल, बघायला आले. इथे पूर्वी रस्त्याकडेची वस्ती होती, व्यापारी या इमारतीत माल ठेवत असावेत, असे ते म्हणाले. समुद्रापलीकडून आलेल्या मडक्याचा तुटका कान त्यांनी मला हातात दिला होता. माझे पती त्यांच्या हाताखाली माती काढत; भिंत बांधाखाली पुढे कुठवर जाते ते त्या दोघांनाच ठाऊक होते. बेसिल दुपारी आमच्याकडे जेवत व मला काकी म्हणत. सुक्या बोंबलाला नावे ठेवत आणि परत मागून घेत.

रस्त्याच्या ठेकेदाराचे मुकादम नरहरी शेलार यांना काम थांबायला नको होते. ते माझ्या पतींना म्हणाले, "विटा काय देवाच्या हायत? रोलर फिरला की पीठ." माझे पती म्हणाले, "ते पीठ तुझ्या घरी मळ."

बेसिल व माझ्या पतींचे भांडण झाले, हे खरे आहे. विटा चोरीला जातील म्हणून पती त्या घरी आणू लागले. बेसिल भर रस्त्यात ओरडले, "हिरामणकाका, वीट जागची हलली की ती नुसती वीट! मग मी काय दाखवू साहेबांना?" पतींनी आणलेल्या विटा होत्या तिथे परत नेऊन ठेवल्या. यापलीकडे भांडण नाही.

बुधवारी सकाळी बेसिल काम थांबवण्याचा हुकूम आणायला मुंबईच्या कार्यालयात गेले. तोवर भिंत झाकून ठेवा, जागा कोणाला दाखवू नका, असे त्यांनी पतींकडून वचन घेतले. ते अजून परत आले नाहीत. त्यांच्या आई लुईझाबाई काल ठाण्यावर आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांकडे मला बघवले नाही.

बुधवारी संध्याकाळी पती कोपरापर्यंत मातीने भरून घरी आले. मुकादम पाणी मागायला अंगणात आले होते, ते आम्हाला दिसले नाहीत. पती मला म्हणाले, "खून केली, माती लोटली. कोनाला बोलू नको." मुकादमांनी हेच ऐकून पोलिसांना 'खून केला' असे कळवले.

आमच्याकडे ण बोलत नाहीत. पाण्याला पानी म्हणतात, खुणेला खून म्हणतात. फौजदार साहेबांनी मला माझ्या पतींचे नाव घ्यायला लावले. मी हिरामन म्हटले. हवालदार हसले. मी मुकादमांना समोरासमोर विचारले, "केला बोलले का केली बोलले?" ते म्हणाले, "एकच ते." एकच नाही. माणूस मारला तर खून केला म्हणतात. केली म्हणत नाहीत.

साहेब म्हणाले, "बाई, एका अक्षरावर माणूस सोडता येत नाही. ट्रंककॉल लावला, कार्यालय सोमवारपर्यंत बंद. जागा दाखव, नाहीतर उद्या सकाळी ठेकेदाराचे मजूर लावून सगळा बांध पहारीने खणतो."

मी मुकादमांना बाहेर पाठवायला सांगितले. ते गेल्यावर पुढील सांगते.

जागा पतींनी मला सांगितली नाही, मी विचारली नाही. गुरुवारी भात शिजवताना तोप कलंडला. चुलीचा एक दगड नव्हता. नंतर मी बांधावर गवताला गेले, तेव्हा भेंडीच्या झाडापासून खाडीच्या बाजूला काजळी धरलेला दगड दिसला. भिंत त्याखाली आहे. मी तो दगड हलवला नाही. दोन दगडांवर रांधते आहे.

जागा दाखवायला मी स्वतः येईन. पहार लावू नये. माती मी हाताने काढीन, तुमचा माणूस शेजारी उभा राहू दे. खाली विटाच निघाल्या तर माझ्या पतींना सोडावे आणि माती परत लोटू द्यावी.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. हळू आवाजात वाचा म्हणून मी विनंती केली. सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचावा लागतो, असे ते म्हणाले. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. कोठडी भिंतीपलीकडेच आहे. जागा मी सांगितली, हे पतींना आत ऐकू गेले असेल.

द्वारका हिरामण भोईर, डाव्या हाताचा अंगठा