आईबाप जिवंत आहेत, लिही

डोळ्यांच्या दवाखान्यात औषधाचे थेंब घालून अर्धा तास डोळे मिटायला सांगितलं, तेव्हा खानावळवाल्या मावशींनी डोळे मिटले. कान मिटायला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी एक सासू थेंब घालून बसली होती आणि सून कागद घेऊन.

"आई, उद्याच्या त्या गोष्टीच्या खेळाला, ज्यात प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, चौथं माणूस नाही. तुम्ही नसलात तर खेळ मोडला."

"फासे टाकीन, राक्षसही मारीन. पण गोष्टीतली माझी बाई आधी कोण होती, ते मी कसं सांगू?"

"तेच तर ठरवायचंय. सरदाराची लेक, चोर, शिपाई, वैदू..."

"वैदू कर. हाताला काम राहील."

"छान. आता तिचे आईवडील कसे गेले?"

"गेले?"

"आमच्या सगळ्यांच्या पात्रांचे गेलेलेच आहेत. म्हणजे माणूस हिंडायला मोकळं."

"अगं, लेकीला भटकता यावं म्हणून दोन जीव घ्यायचे? माझ्या बाईचे आईबाप जिवंत आहेत. धडधाकट. लिही."

"मग ती घर सोडून हिंडते कशाला?"

"कामाला जाते. राक्षस मेला की त्यांना भेटायला जाते. वाटेल तेव्हा, कुणाला न विचारता."

"...लिहिलं."

"तुझ्या बाईचं कोण आहे?"

"कुणीच नाही. अनाथ. रानात एकटी वाढली."

मावशींनी न राहवून एक डोळा उघडला. सगळं धुरकट. सासूचा आवाज तेवढा स्पष्ट.

"खोड ते. माझी बहीण म्हणून लिही. आईबाप दोघींचे."

"खरंच, आई?"

"खरंच. पण थोरली मी. खेळ झाला म्हणून काय झालं!"