दुर्बीण पोचत नाही तिथे

हॅलो?... हो ताई, बोल... नाही, अजून आत घेतलं नाही. बाहेरच येरझाऱ्या घालतोय... बसू कसा? पोटाचा नुसता नगारा झालाय... अगं, ते पाणी प्यायला लावतात ना! गोडसर, बुळबुळीत. एक बाटली संपली की बाई दुसरी आणून ठेवते... आतडं फुगलं पाहिजे म्हणे, तरच आतलं नीट दिसतं. सूज असली की भिंत जाड दिसते...

काय?... अगं ऐक ना! दुर्बीण वरून झाली, खालून झाली. पण ती दोन्ही टोकांकडूनच जाते, मधलं लहान आतडं राहतंच. म्हणून हे एमआरआय... हो, क्रोन्सचा संशय आहे डॉक्टरांना, आतड्याला सूज येत राहते तो आजार... नाही गं, टेन्शनमुळे नाही! झालं, पुन्हा तेच. तुझे ते 'मनाचे खेळ', डेपोत म्हणतात 'बस चालवायचा कंटाळा'. रस्त्यातले सगळे संडास तोंडपाठ आहेत मला, ते काय हौस म्हणून?...

ओरडत नाहीये... बरं, ओरडलो. घाबरलोय मी, ताई... काही निघेल म्हणून नाही गं. काहीच निघालं नाही तर, म्हणून! मग मलाही वाटायला लागेल, मी ढोंग करतोय...

हो हो, पितोय मॅडम, हा बघा घोट!... तुला नाही गं, त्या बाईंना.

काय विचारलंस?... नाही, दुखत नाही. एक इंजेक्शन देतात, आतडं हलू नये म्हणून. सांगतील तेव्हा श्वास रोखायचा, बस... माझं पोट? उजवीकडे दुखतं, बेंबीच्या खाली. हो, जेवल्यावर जास्त... वजन उतरलंच ना, सगळ्या पँटी आवळून घेतल्यात... लहान मुलांचं? करतात की... ताई, थांब. हे सगळं कोणासाठी विचारतेयस?

हॅलो?... ताई?... आपल्या छोटीला?... कधीपासून?... आणि तू तिला काय म्हणालीस?... जेवणाचे नखरे. शाळा बुडवायचे बहाणे. वा!... रडू नकोस. अगं, नंतर रड. कुठेय ती आता?... आतून कडी लावून बसलीय? बरं, मग फोन दारापाशी धर. स्पीकर लाव...

आलो मॅडम, आलोच! घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, फोनही ठेवतो... एकच मिनिट द्या!

छोटे? मामा बोलतोय... नको, दार उघडायची घाई नाही. बस निवांत. दुखतंय ना?... कुठे?... हं... नाही गं बाळा, कसला फोटो नि कसला रिपोर्ट! तू म्हणतेस दुखतंय, म्हणजे दुखतंय. मला पटलं... हो, खरंच... आई? ती तिथेच आहे, दाराला टेकून. तिनेही ऐकलंय... ठेवतो हं राणी, मला बोलावतायत.