लांबून आलेलं हजर

...आणि वर पुन्हा मलाच विचारतात, "अगं पोरी, आवाज येतोय का माझा?" येतोय हो, आवाज येतोय, पण चेहरा कुठाय? पडद्यावर नुसता कान! तुम्हाला सांगते, आमच्या मुख्याध्यापिका, सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणते, त्या व्हिडिओवरच्या वर्गात फोन कानाला लावून बसतात. कानाला! शाळा बंद होऊन मुलं घरी बसली तेव्हापासून तिसरीच्या बेचाळीस पोरांनी मोठ्या बाईंचा चेहरा म्हणून पाहिलेला नाही, कान मात्र कुणीही चित्रात काढून दाखवेल.

बरं, बसा कान घेऊन, माझी ना नाही. पण यांना हजेरी घ्यायची असते! रोज! स्वतः! कागदाच्या हजेरीपटावर! मी म्हटलं, "मोठ्या बाई, कॉम्प्युटर आपोआप यादी देतो, कोण आलं, कोण गेलं, मिनिटासकट." तर म्हणतात, "मुलाचा आवाज ऐकल्याशिवाय मी हजेरी लावत नाही." झालं! "एक?" ...शांतता. "एक, आवाज येतोय का?" मग कुठूनतरी "हजर बाई." मग "दोन?" ...पुन्हा शांतता. चाळीस मिनिटांचा तास, त्यातली पंचवीस मिनिटं ही वरात. मी काय करायची माहितीये? आवाज शून्यावर न्यायची आणि चहा प्यायची. बेचाळीस झाले की आवाज वाढवायचा आणि शिकवण्यावर तुटून पडायचं.

आणि मग ती तीस नंबर! तिला वर्गात सगळे भोंगा म्हणतात, त्यावरून काय ते ओळखा. मी "मुलांनो" म्हणायचा अवकाश, तिच्याकडून लगेच "मुलांनो" परत! माझंच बोलणं माझ्याच अंगावर! फोन ठेवलेला मोठ्या आवाजात, माईक सताड उघडा. मागे गाड्या, कुत्री, कुणीतरी बादली आपटतंय. "भोंगा, माईक बंद!" की ती उघडणार. मी बंद करणार, ती उघडणार. शेवटी मी सोयच केली, तिच्या हातात काही ठेवलंच नाही. हजेरी संपली रे संपली की दिला बंद करून. तीन आठवडे! काय शांत वाटायचं सांगू...

मग शाळेतल्या कारकून काकांचा फोन. "बाई, एकतीस नंबर तुमच्या यादीत तीन आठवडे नाही. सोमवारी पटावरून नाव कमी करतोय. पण मोठ्या बाईंच्या हजेरीपटावर ती रोज हजर आहे. खरं काय धरू?"

रोज हजर? जी वर्गात आलीच नाही ती? माझं डोकंच फिरलं! सरळ मोठ्या बाईंना फोन लावला. म्हटलं, "तुम्ही खोटी हजेरी लावता! दया आली तर दया करा, पण ती वहीत कशाला?" होय, असंच बोलले. माझ्या वयाच्या दुप्पट नाही, अडीचपट मोठ्या बाईला! मला वाटलं आता विचारणार, आवाज येतोय का. तर म्हणाल्या, "उद्या हजेरीला तू बोलू नकोस. चहा पण पिऊ नकोस. नुसती ऐक." चहाचं यांना कोणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी बसले ऐकत. "तीस?" "हजर बाईऽऽ!" भोंगाच, कानठळ्या बसल्या. "एकतीस?" ...शांतता. मी मनात म्हणतेय, बघा, बघा आता! ...आणि मग भोंग्याच्याच चौकोनातून, गाडीच्या हॉर्नच्या मागून, विहिरीतून यावा तसा एक बारीक आवाज, "ह...ज...र... बाई!"

मला राहवेना, विचारलंच, "भोंगा, कोण गं ते?"

"ती नाही का बाई, एकतीस! समोर राहते! तिचे बाबा माल पोचवतात ना, फोन त्यांच्याबरोबर गाडीवर जातो. मग मी माझा फोन रिबिनीने खिडकीला बांधते. ती तिच्या खिडकीत बसते. मधे रस्ताय."

"मग तुझ्या घरी का नाही बसत?"

"कुणाच्या घरी जायचं नाही ना बाई, आजार आहे! तुम्हीच तर सांगितलंत!"

मीच सांगितलं होतं.

आणि मग ती भोंगा, इतकी मोठ्याने बोलणारी पोर, एकदम हळू म्हणाली, "ती सगळी उत्तरं देते बाई. कविता पण पाठ आहे तिची. पण तुम्ही माईक बंद करता ना... मग ती मला विचारते, माझा आवाज बाईंपर्यंत गेला का? मी सांगते, गेला गेला."

पडद्यावर तो कान. कानाने एक शब्द सुनावला नाही हो, तोच तर ताप! ओरडल्या असत्या तर उलट बोलता तरी आलं असतं. नुसतं म्हणाल्या, "आवाज लांबून येतो म्हणजे मूल लांब आहे. थांबायचं. बत्तीस?"

कारकून काका काय सोडतात? "यंत्राची यादी आहे, नियम आहे, मी काय करू?" मग लिहिलं पत्र. माझी यादी चुकली, वही बरोबर, खाली माझी सही. दात-ओठ खाऊन नाही, खरंच सांगते, मुकाट्याने लिहिलं. सोमवारी नाव राहिलं पटावर.

आता? आता सगळे माईक उघडे. कुकरच्या शिट्ट्या, बाबांच्या शिंका, कुणाच्या आत्याचं भांडण, आणि पाच मिनिटांनी मीच खिडकीपलीकडे ओरडते, "एकतीऽऽस! आवाज येतोय का?" घसा बसलाय, ऐकताय ना तुम्ही.

आणि परवा पाढे घेत होते. "सात आठे?" तर त्या रस्त्यावरून एक जाड, खोकलेला आवाज, "चोपन्न!" हे कोण? भोंगा म्हणते, "वरच्या मजल्यावरचे आजोबा, बाई. ते रोज ऐकतात." मी म्हटलं, "आजोबा, छप्पन्न." तर मोठ्या बाई मधेच, "एकटे असतात का गं ते?" भोंगा "हो" म्हणाली, तर मला म्हणतात, "मग लिही की नाव." लिहिलं. त्रेचाळीस नंबर. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. रोज हजर, रोज पहिलं उत्तर त्यांचं, रोज चोपन्न. काल जरा आवाज चढवून म्हटलं, "छप्पन्न हो आजोबा, छप्पन्न!" तर म्हणतात, "बाई, तुम्ही नवीन आहात, आमच्या वेळी चोपन्नच होते!"

...मी म्हटलं, बरं. बसा खाली.