ढगमाळचा पाणवठा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय बद्रीनाथजी, प्रमुख पाहुणे व सूर्यभानरावांच्या पुस्तकांचे प्रकाशक तात्यासाहेब, युनियनचे बन्सीभाऊ, व्यासपीठावर संकोचून बसलेले सत्कारमूर्ती सूर्यभानराव, त्यांच्या शेजारी त्यांच्यापेक्षा ताठ बसलेल्या बानाबाई वहिनी, पहिल्या रांगेतल्या आदरणीय कडूबाई आजी, आणि आधी भाषणं की आधी चहा या विवंचनेत असलेल्या माझ्या तमाम मित्रांनो,

मी आप्पासाहेब. माझी सारी नोकरी तपासणी खात्यात गेली. पुर्जा मापात आहे की नाही, एवढंच बघायचं. पुर्ज्याबद्दल आपल्याला काय वाटतं, हे तिथं कुणी विचारत नाही. ती सवय माझ्या बोलण्यातही उतरली आहे, तेव्हा माझ्याकडून फुलं उधळण्याची अपेक्षा नसावी. मला इथं उभं केलं याचं कारण इतकंच, की सिडकोत सूर्यभानरावांचं आणि आमचं घर एका भिंतीला आहे. ‘ढगमाळ’ या कादंबरीमालेचे चारही भाग मी वाचले, तेही सुरुवातीला शेजारधर्म म्हणूनच. पण पहिला भाग लिहिला कसा गेला, ते मी भिंतीपलीकडून आणि कधी भिंतीअलीकडून पाहिलं. तेवढं सांगतो आणि खाली बसतो.

सूर्यभानराव वैजापूरकडचे. घरची मेंढरं. बहात्तरच्या दुष्काळात कळप संपला आणि हा माणूस चिकलठाण्याला आपल्या स्टोअरमध्ये हमालीला लागला. त्या काळी शहराच्या पूर्वेला रोज नवीन शेड उभी राहत होती आणि रोज कुणीतरी गाव सोडून तिच्या दाराशी येत होतं. कंपनीच्या बसमध्ये सूर्यभानराव गोष्टी सांगायचे. ढगांच्या वर एक माळ आहे, तिथले डोंगर बोलतात, मेंढरं उडतात, आणि एक धनगराची पोर त्या कळपामागं दौलताबादच्या किल्ल्यासारख्या एका किल्ल्यात शिरते. बस कारखान्याच्या फाटकात आली तरी लोक उतरत नसत. सगळे म्हणायचे, लिहा. एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, “मेंढपाळांचं दुःख लिहा, त्याला मान आहे.” सूर्यभानराव म्हणाले, “दुःख घरी हायेच की साहेब. मला उडती मेंढरं पाहिजेत.”

लिहायचं ठरलं. पण बसायचं कुठं? दोन खोल्या, मुलगी सारजा, तिच्यामागची दोन भावंडं, गावाकडून येणारे-जाणारे. खिडकीखाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्यावर कागद ठेवायचे. गोष्टीतला राजा सिंहासनावर चढला, की आतून वहिनींचा आवाज यायचा, “राजाचं मंग बघा, आधी राकेल आणा.” राजा तिथंच थांबायचा. आठवड्याला पाळी बदलायची. पहिल्या पाळीत जो राजा शूर होता, तो तिसऱ्या पाळीत पेंगुळलेला निघायचा. वहिनी हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय. वर्ष-दोन वर्षांत पहिला अध्याय पुन्हा पुन्हा लिहून झाला, दुसरा काही हाती लागला नाही.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. क्रांती चौकात मोर्चे, बसेस बंद, आणि खेड्यापाड्यांत जे झालं ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. आपल्या स्टोअरमधला पुंजाराम, सूर्यभानरावांच्या बरोबरीनं पेट्या उचलणारा, एका गावच्या बौद्ध वस्तीतला. त्या वस्तीतली घरं जाळली गेली. त्यात त्याचं घर गेलं. आई, म्हणजे या कडूबाई, अंगावरच्या लुगड्यानिशी शहरात आली. पुंजाराम चार बिऱ्हाडकरूंबरोबर एका खोलीत राहायचा. तिथं आईला ठेवणार कुठं?

सूर्यभानराव त्याला म्हणाले, “माझ्याकडं आण.”

“विचार करा,” पुंजाराम म्हणाला. “तुमच्या भावकीत कळंल.”

“कळू दे. आधी आई आण.”

खिडकीखालची पेटी हलली आणि तिथं कडूबाईंचं अंथरूण पडलं. लेखनाची एकुलती एक जागा गेली. कडूबाई दिवसचे दिवस बोलत नव्हत्या. तेव्हा रविवारी दुपारी सूर्यभानराव त्यांना आपला पहिला अध्याय वाचून दाखवायला लागले. दुसरं काय बोलावं, हे त्यांना सुचत नसावं. आमच्या घरची मंडळीही दारात जाऊन बसायची. मेंढरं उडाली तेव्हा कडूबाई पहिल्यांदा हसल्या.

वाचन संपलं आणि त्या म्हणाल्या, “लई चांगलं हाय, बापा. मेंढरं उडत्यात, डोंगर बोलत्यात. पर एक इचारू?”

“विचारा ना मावशी.”

“त्या गावचा पाणवठा हाय न्, त्यात वरच्या अंगाला धनगर पाणी भरत्यात, अन् खालच्या अंगाला खालच्या वस्तीतली लोकं. मंजी तिथं बी आमी खालीच का?”

मी तिथं होतो. सूर्यभानरावांनी कागद वर केला आणि ती ओळ शोधली. ती ओळ होती. ती त्यांनी ठरवून लिहिली नव्हती. राज्याचे रंग, पक्षी, वारा, सगळं विचार करून रचलं होतं. पाणवठा मात्र हातानं आपोआप लिहिला होता, जसा गावी होता तसा.

ते म्हणाले, “मावशी, बदलतो. सगळे एकाच ठिकाणी पाणी भरतात, असं लिहितो.”

कडूबाई म्हणाल्या, “असं कसं? कुणी भरू दिलं? पहिली बाई गेली तवा कुणीच आडवं आलं नाय?”

सभागृहातल्या मित्रांनो, मी पुष्कळ तपासनीस पाहिले. इतक्या कमी शब्दांत माल परत पाठवणारा दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर बरेच महिने लेखन बंद होतं. एकदा कुंपणाशी उभे असताना सूर्यभानराव मला म्हणाले, “आप्पासाहेब, मेंढराला पंख फुटायला एक ओळ लागली. हा पाणवठा काही केल्या हलंना.” मी म्हटलं, सोडून द्या, तो भाग गाळा. ते म्हणाले, “गाळला तर मावशी कुठं जातील?”

इकडं सारजाची सोयरीक ठरली होती, वैजापूरकडंच. एका रविवारी सूर्यभानरावांचे थोरले बंधू मुंजाबा आले. उन्हातून आलेले. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

“सूर्या, पाव्हण्यांचा निरोप आलाय. म्हातारीला हलव, नायतर सोयरीक मोडली म्हून समज.”

“त्यांचं घर जळालंय, दादा.”

“मला बी वाईट वाटतं. पर पोरीचं वाटोळं करू नको. म्हातारीची दुसरीकडं सोय लाव.”

कडूबाई आतून उठल्या आणि आपली वळकटी बांधायला लागल्या. भांडण नाही, तक्रार नाही. आपल्यामुळं पोरीचं लग्न मोडायला नको, इतकंच. तेव्हा सारजा चुलीपुढून उठून आली. पिठाचे हात तसेच. कडूबाईंच्या हातातली वळकटी काढून घेतली आणि चुलत्याला म्हणाली, “काका, आजी मला भाकरी शिकवती. पाव्हण्यांना नको असंल तर नको.”

“तुला काय कळतं?”

“थोडं कळतं,” ती म्हणाली.

सोयरीक मोडली. इथं टाळ्या वाजवू नका, कारण नंतरचे दिवस टाळ्यांचे नव्हते. बानाबाई वहिनी रडल्या. भावकीनं जाणं-येणं तोडलं. वहिनी कडूबाईंना कधी एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत, पण नवऱ्यावर मात्र संतापल्या. कारण मुंजाबा गेल्यावर त्याच संध्याकाळी सूर्यभानराव पुन्हा लिहायला बसले होते. भिंतीतून मला स्पष्ट ऐकू आलं, “पोरीची सोयरीक मोडली, अन् ह्यांना मेंढरं सुचत्यात!”

मेंढरं सुचत नव्हती. पाणवठा सुचला होता. पहिली बाई वरच्या अंगाला जाते, तेव्हा आडवं येणारा माणूस वाईट नसतो, तो धाकट्या भावाच्या काळजीनंच आडवा येतो, हे त्यांना त्या दुपारी दिसलं होतं. एवढं हाती लागल्यावर उरलेली कादंबरी त्या बाईच्या मागोमाग चालत गेली. राकेल आणायचं राहिलं नाही, पाळी चुकली नाही. कागद मांडीवर ठेवून, भाजी निवडता निवडता, बसच्या थांब्यावर, जमेल तसं लिहिलं. प्रत्येक अध्याय आधी कडूबाईंना वाचून दाखवायचा. त्या मान हलवायच्या किंवा म्हणायच्या, “असं होत नाय.” मग तो पुन्हा लिहायचा.

शहरातल्या एका प्रकाशकानं हस्तलिखित वाचलं आणि निरोप दिला, मुलांसाठी उत्तम आहे, वातावरण तंग आहे, पाणवठ्याचं प्रकरण काढा, छापतो. सूर्यभानराव कागद घेऊन परत आले. पुढं पैठण गेटजवळच्या छोट्या छापखान्यात तात्यासाहेबांनी ते वाचलं. तात्यासाहेबांनी काहीच काढायला सांगितलं नाही, फक्त शुद्धलेखन सुधारलं. ते पुष्कळ होतं, हे मी जबाबदारीनं सांगतो.

पुस्तक निघायच्या आधी सारजाचं लग्न झालं. मुलगा आपल्याच कारखान्यातला, साधा, हसरा. हळद लावायला पहिला हात कुणाचा, यावर बायकांत कुजबुज सुरू झाली, तेव्हा बानाबाई वहिनींनी कुणाला न विचारता कडूबाईंना पाटाजवळ नेलं. मांडवाच्या पार कडेला मुंजाबा उभे होते. अक्षता टाकून ते केव्हा गेले, मी पाहिलं नाही.

यानंतरच्या काळात नामांतराचं काय काय झालं, ते मी सांगायला नको. लाँग मार्च निघाले, माणसं तुरुंगात गेली, काहींचे जीव गेले. गेल्या वर्षी संक्रांतीला निर्णय झाला, तेव्हा पुंजाराम आईला विद्यापीठाच्या दारापर्यंत घेऊन गेला होता. तो तिथं काय बोलला आणि आई काय बोलली, हे त्यांचं त्यांच्याकडं राहू द्यावं.

मला सांगायचं आहे ते पहिल्या भागाबद्दल. छापखान्यातून पहिली प्रत आली. सूर्यभानरावांनी ती कडूबाईंच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, “आमचं पाणी कुठं हाय?” सूर्यभानरावांनी पान उघडून दिलं. कडूबाईंनी त्यावरून तळहात फिरवला, पुस्तक मिटलं आणि परत दिलं. आम्ही सगळे काहीतरी मोठं ऐकायला मिळेल म्हणून उभे होतो.

त्या म्हणाल्या, “एका गावचं झालं. बाकीच्या गावांचं काय?”

लोक विचारतात, ही कादंबरी एकाच भागात का संपली नाही. तपासनीस म्हणून माझं उत्तर एवढंच आहे.

अध्यक्षमहाराजांनी मला दिलेली वेळ मी ओलांडली, त्याबद्दल त्यांचे आणि चहावाल्यांचे आभार मानतो. सूर्यभानरावांच्या घरातल्या गोष्टी त्यांची परवानगी न घेता चारचौघांत बोललो. भिंत एक असल्यामुळं त्या माझ्याही झाल्या होत्या, असं समजून त्यांनी आणि वहिनींनी मला पदरात घ्यावं. कुठं माप चुकलं असेल, तर ते बोलणाऱ्याचं चुकलं, घडलेल्याचं नाही.

नमस्कार.