कातळावरच्या उशीची दुसरी चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्ष श्री. प्रतापसिंह घाटगे, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे गुरू प्रा. राघोत्तम राव सर, सरांच्या पत्नी सौ. कुमुदिनीमामी, व्यासपीठावरील मान्यवर, आणि चेन्नईतल्या आपल्या मंडळात रविवारची झोप मोडून आलेल्या सर्वांना माझा नमस्कार.

मी कनका. सरांच्या वनस्पतिसंग्रहात तीन वर्षं मदतनीस आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. प्रवेशाचा अर्ज सरांनी स्वतः समोर बसून माझ्याकडून भरून घेतला होता. आई आजही बजावते, "त्या माणसाला उलटून बोलू नकोस गं." ती चौथ्या रांगेत बसली आहे. तिची आधीच माफी मागते.

मघाशी मानपत्रात वाचलं गेलं, की सर नुसत्या नजरेने वनस्पती ओळखतात. मी साक्षीदार आहे. गेल्या वर्षी ओरगडमजवळच्या एका टेकडीची पाहणी आमच्याकडे आली. कारखान्याचा रस्ता तिथून न्यायचा होता. माथ्यावरच्या उघड्या कातळावर मला शेवाळाच्या करड्या, गोल उशा सापडल्या, सुपारीएवढ्या. सरांनी जेवणाचा डबा बाजूला सरकवून नमुन्याच्या कागदी पाकिटात डोकावलं. "भिंतीवरचंच की हे! लिही नाव."

"सर, भिजवून बघू?"

"कनका, तुला पाणी घातल्याशिवाय काही दिसतच नाही का?"

सगळे हसले. मीही हसले आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर नाव लिहिलं. अक्षर माझं, सही सरांची. 'विशेष काही नाही' असा अहवाल गेला.

शेवाळ सुकलं की पानं मिटून घेतं; भिजवल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नसतं. हे मला पहिल्या दिवशी कोणी शिकवलं? सरांनीच. आठवडाभराने राहवेना, म्हणून भिजवलं. पाच मिनिटांत पानं उघडली. भिंगाखाली प्रत्येक पानाच्या टोकाला पांढरा केस, आणि बीजाणूंची कुपी देठ वाकवून उशीतच तोंड खुपसून बसलेली. भिंतीवरच्या शेवाळात यातलं काहीच नसतं. आमच्या संग्रहात असा दुसरा नमुनाही नाही. मी धावत सांगायला गेले. सर म्हणाले, "अहवाल गेलाय. आता गप्प बस."

मी गप्प बसले. जूनमध्ये अर्धी टेकडी सुरुंगांनी उडवली.

आमच्या संग्रहात एक रीत आहे. ओळख चुकली तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत. तिच्या शेजारी नवी चिकटवतात, नाव आणि तारीख घालून. शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबांच्या चुकाही तिथे तशाच आहेत. त्याने कोणाची अब्रू गेली? परवा मी नवी चिठ्ठी घेऊन गेले, तेव्हा सर म्हणाले, "निवृत्तीच्या आठवड्यात माझ्या नावाशेजारी माझीच चूक चिकटवतेस?" मी परत आले.

उरलेल्या अर्ध्या टेकडीचा निर्णय पुढच्या महिन्यात आहे. सरांची सही तीस तारखेपर्यंत चालेल. माझ्या सहीला विचारतं कोण? चिठ्ठी आज सोबत आणली आहे. खालची ओळ कोरी आहे.

मंडळाने बोलू दिलं, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर आपण सर्वांनी मला क्षमा करावी. सर, तुम्ही नाही केलीत तरी चालेल. सही करा.