कमळांसाठी घातलेलं खत

संजना : मावशी, त्या बाटलीला हात लावू नकोस. तळ्याचंच पाणी आहे ते.

उमा : रंग बघत होते गं. काय निघालं तुमच्या कॉलेजच्या तपासणीत?

संजना : विष. तो हिरवा तवंग म्हणजे नीलहरित शेवाळ. मोतीबाईची शेळी तेच पाणी पिऊन गेली.

उमा : तिच्याच साबणाने ना? मी घाटावर सगळ्यांदेखत बोलले तिला, तुझ्या धुण्याने महादेवाचं तळं नासलं म्हणून. तेव्हापासून नदीवर जाते बिचारी.

संजना : दोन लुगड्यांच्या साबणाने एवढं होत नाही. स्फुरद मिळालं की हे शेवाळ माजतं, आणि जोडीला नत्र मिळालं की विषही जास्त करतं. पण तळ्याच्या वर ना शेत, ना गटार. दोन्ही आलं कुठून?

उमा : डीएपी खतात असतं का गं दोन्ही?

संजना : असतं. का?

उमा : चातुर्मासात रोज एक कमळ वाहायचा नेम धरलाय. यंदा कळ्याच धरेनात. म्हणून दर सोमवारी तांब्याभर घालत गेले. आपल्या हरीने भाताला आणलेल्या खताच्या गोणीतलं.

संजना : किती सोमवार?

उमा : अकरा. अभिषेकाच्याच तांब्याने.

संजना : मावशी...

उमा : तू तिला साबणच म्हण. एवढं ऐक माझं.

संजना : मग ती जन्मभर तेच धरून बसेल.

(मोतीबाई पानात गुंडाळलेलं काही घेऊन दारात येते.)

मोतीबाई : उमाताय, हाय का घरात? कशेळ्याच्या बाजारात गावली. दोनच कमळं हायत.

उमा : माझ्यासाठी?

मोतीबाई : तुमचा नेम मोडाया नको. तळं मी नासवलं, मंग पाप मलाच लागंल ना. शेळी गेली ती बी त्यापायीच.

उमा : मोतीबाई, ती कमळं खाली ठेव. मला नकोत. साबणाने नाही झालं काही. मी खत घालत होते तळ्यात, कमळं यावीत म्हणून. तुझी शेळी माझ्यामुळे गेली.

मोतीबाई : मंग मी नाय मारली तिला?

उमा : नाही गं. मी.

मोतीबाई : पंधरा दिस झालं, घरात कुनी माज्याशी धड बोलत नाय.

उमा : सांगेन मी सगळ्यांना. सोमवारी देवळात बायका जमतात, तेव्हा सांगते.

मोतीबाई : आज बुधवार हाय, ताय.