हलका नको!

अगं, ऐक तर! काल कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्यापुढे एक सुतारकाका आणि त्यांची लेक उभे होते. कॉलेजसाठी तिचा पहिलावहिला लॅपटॉप घ्यायचा होता! ती दुकानदाराला म्हणाली,

"दादा, जरा हलका दाखवा ना."

"हलका कशाला? जन्मात कधी हलकं लाकूड वापरलं नाही मी. चांगला दाखवा हो!"

"अहो बाबा, हलका म्हणजे वजनाला! रोज दोन बस बदलायच्यात, वर तीन जिने."

"असं होय! मग दाखवा हलका."

"हा बघा, काका. पण तुमच्या बजेटमध्ये नाही बसणार."

"आँ? माल कमी आणि भाव जास्त?"

"बाबा, राहू द्या. तो पलीकडचा स्वस्तातला जाडा चालेल मला."

"खांदा दुखतो ना तुझा?"

"छे! दुखायचा कधीच थांबला."

"बरं. दुसऱ्या बसपर्यंत तो मी घेऊन येत जाईन. माझ्या वाटेवरच आहे."

"काहीही! तुमचं वर्कशॉप उलट्या दिशेला आहे, बाबा."

"आणि तुझा खांदा दुखायचा थांबलाय, नाही का? झाली फिटंफाट! द्या हो, तो जाडाच द्या."